माकडाचा पंजा सोलापुरात आणताना

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची ‘द मंकीज पॉ’ ही १९०२ सालची भयकथा. लेखक १९४३ मध्ये वारले, म्हणजे आपल्याकडची ६० वर्षांची कॉपीराइट मुदत केव्हाच संपली. खुशाल कॉमिक करा. मुलगा यंत्रात सापडून मरतो आणि इच्छा पुरवणाऱ्या माकडाच्या पंज्याकडे मागितलेले २०० पौंडच नेमके भरपाई म्हणून घरी येतात, हा कथेचा कणा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात तो चपखल बसतो. रक्कम तेवढी आजची धरा.

पुढे आई मेलेल्या मुलालाच पंज्याकडे परत मागायला लावते आणि रात्री दारावर थाप पडते. खरी मेहनत या थापेवर घ्या. बाहेर कोण आलंय हे जेकब्सनी दाखवलेलंच नाही, तुम्हीही काढू नका! उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत आईचा हात कडीवर, वर ‘ठक् ठक्’. पान उलटलं की रिकामा रस्ता आणि एक दिवा. सुरुवातीला मागाची ‘खटॅक-खट’ जाड अक्षरांत चौकटीबाहेर सांडू द्या. मुलगा गेल्यावर मात्र एकही आवाज लिहू नका, म्हणजे पुढे ती थाप कानात वाजते. मोबाईलवर पान उलटायची सोय नसते, तिथे थाप आणि दार यांच्यामध्ये स्क्रीनभर काळी जागा सोडा.