पावसानंतर वाडीतील पक्षी-प्राणी कसे पाहावेत

आश्विन लागून पाऊस ओसरला की कोकणातील वाडी, म्हणजे घराभोवतीची बाग, निरीक्षणास योग्य होते. मात्र त्यासाठी वाडीभर हिंडण्यापेक्षा एका जागी बसून राहणेच फलदायी ठरते. ऑक्टोबरचे ऊन लवकर तापत असल्याने उजाडल्यापासून साडेआठपर्यंतची वेळ धरावी आणि सूर्य पाठीशी राहील अशा बेताने मागील पडवीत बसावे. आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरेशी होते. त्याहून शक्तिशाली दुर्बीण हातात फार हलते.

निम्मे काम पाण्याने होते. परसात सावलीला मातीची पसरट परळ ठेवावी. पाणी दोन-तीन सेंटिमीटरच असावे आणि डास होऊ नयेत म्हणून ते रोज बदलावे. आडोशाला झुडूप हवे, पण मांजराला दबा धरता येईल इतक्या जवळ नको. दयाळ आणि बुलबुल परळीला लवकर सरावतात. हिवाळ्यासाठी उत्तरेकडून येणारा करडा धोबी मात्र बहुधा शिंपणाच्या ओल्या पाटाच्या कडेने किडे टिपत चालताना दिसतो. पाठ करडी, शेपटीखाली पिवळा रंग आणि क्षणभरही न थांबता वरखाली होणारी लांब शेपटी, एवढ्यावरून तो ओळखता येतो.

दुसरी जागा म्हणजे जांभ्या दगडांचा गडगा, अर्थात कुंपणाची भिंत. मुंगूस त्याच्या कडेकडेनेच जाते, भारद्वाज त्याच्यावर उतरतो, आणि रात्री येऊन गेलेल्या कांडेचोराची, म्हणजेच उदमांजराची, फळांच्या बियांनी भरलेली विष्ठाही सकाळी तिथेच सापडते. त्या बिया काडीने वेगळ्या करून पाहिल्यास तो कोणत्या झाडावर जातो हे कळते. मग रात्री त्या झाडाकडे, विजेरीवर लाल कागद लावून, पडवीतूनच पाहावे. शेकरूची अपेक्षा किनाऱ्यालगतच्या वाडीत सहसा ठेवू नये. ते सह्याद्रीकडच्या दाट झाडीतले.

धनेश पाहायचा असल्यास फळांवर आलेले उंबर किंवा वड शोधावा. त्याचा कर्कश आवाज आधी ऐकू येतो.

गडग्याच्या फटीत हात घालू नये आणि पालापाचोळ्यात अनवाणी फिरू नये, कारण जांभ्याच्या भागात फुरसे असते व ते विषारी आहे. वानरांना काहीही खाऊ घालू नये. एकदा चटावलेली टोळी पुढे शहाळी आणि पपया शिल्लक ठेवत नाही.