ऊस तुटल्यावर, वळवाआधी: बांधावरील झाडे व कुंपणाचे वाद

कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ या पट्ट्यात ऊस उभा असेपर्यंत बांध कोणाच्या नजरेस पडत नाही. गळीत हंगाम संपत आला की तो उघडा होतो आणि बांध कोरल्याची, झाडाच्या सावलीची, मोडलेल्या कुंपणाची भांडणेही त्याच सुमारास वर येतात. रेंगाळलेले वाद शेतकऱ्यांनी मार्च ते मे याच काळात मिटवावेत, कारण जूननंतरच्या चिखलात मोजणीही नीट होत नाही आणि खांबही पक्के रोवता येत नाहीत.

झाड कोणाचे, हे सहसा त्याचे खोड कोणाच्या हद्दीत आहे यावरून ठरते. रोप कोणाच्या आजोबांनी लावले, हा वाद चावडीवर कितीही रंगला तरी त्याने निकाल लागत नाही. म्हणून हद्दच संशयात असेल, तर आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा, मोजणीच्या दिवशी दोन्ही बाजूंनी हजर राहावे आणि दाखवलेल्या खुणांवर त्याच दिवशी दगड रोवावेत. अर्ज एकाने केला तरी फी दोघांनी वाटून घ्यावी. पैसे दोघांचे गेले, की मोजणी मान्य करणे दोघांनाही सोपे जाते.

सावलीची तक्रार मात्र नीट समजून घ्यावी लागते. सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे दक्षिण बांधावरील उंच झाडाची सावली उत्तरेकडील शेतात लांबवर पडते, तर मे महिन्यात भर दुपारी ती बुंध्यापाशीच असते. त्यामुळे आत्ता बांधावर उभे राहून ‘सावली आहेच कुठे?’ असे विचारणारा मालक आणि थंडीत ऊस खुरटल्याचे सांगणारा शेजारी, दोघेही खरेच बोलत असतात. अशा वेळी झाड तोडण्याऐवजी शेजाऱ्याच्या बाजूच्या फांद्या मालकानेच छाटून द्याव्यात. निलगिरीसारख्या झाडांची मुळे पिकाचे पाणी ओढत असतील, तर शेजाऱ्याने आपल्या हद्दीत चर खोदून ती तोडावीत. परंतु मोठ्या झाडाच्या बुंध्याला लागून चर काढू नये, कारण मुळे तुटलेले झाड वळवाच्या वाऱ्यात आडवे होते. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग ही झाडे स्वतःच्या मालकीची असली, तरी ती तोडण्यास १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानुसार परवानगी लागते.

कुंपणाचे नुकसान या दिवसांत बहुधा पाचट, म्हणजे तोडणीनंतर शेतात उरलेला उसाचा वाळका पाला, पेटवल्याने होते. पाचट जाळूच नये, सरीत कुजवावे. तरीही आग बांध ओलांडून गेलीच, तर जळालेले खांब व तार यांचे फोटो दोघांनी मिळून काढावेत, दुरुस्तीचा खर्च ठरवावा आणि कागदावर दोन पंचांच्या सह्या घ्याव्यात. आजरा, चंदगड, राधानगरी भागात गव्यांच्या त्रासापायी कुंपणात थेट वीज सोडली जाते. तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात शेजाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

बैठकीत मार्ग निघाला नाही आणि नव्या कुंपणाने वहिवाटीची वाट किंवा शेतातील पाण्याचा नैसर्गिक निचरा अडला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार तहसीलदारांकडे दाद मागता येते. हा दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो.