गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला? गॅस भरण्याआधी या चुका टाळा

एसीतून गार हवा येईनाशी झाली की बहुतेक गाडीमालक गॅरेजमध्ये जाऊन एकच सांगतात : ‘गॅस संपलाय, भरून द्या.’ एसीच्या दुरुस्तीवर होणाऱ्या वायफळ खर्चाची सुरुवात अनेकदा या वाक्यापासूनच होते, कारण त्यात काहीही तपासण्याआधी दोष ठरवून टाकलेला असतो. गॅस कमी होणे हे एक महत्त्वाचे कारण आहे हे खरे. परंतु पंखा बंद पडणे, केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारी जाळी) तुंबणे, गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला इंजिनाशी जोडणारा भाग) न लागणे किंवा डॅशबोर्डमधली हवेची झडप अडकणे यांपैकी कोणत्याही कारणाने हवा गरम येऊ शकते आणि अशा वेळी नवा गॅस भरून काहीच साधत नाही.

म्हणून पहिली चूक म्हणजे लक्षणे न पाहता गाडी दुरुस्तीला देणे. हवा कमी येते आहे की भरपूर येऊनही ती गार नाही, हा प्रश्न सर्वांत आधी स्वतःला विचारावा. ब्लोअर (केबिनमध्ये हवा फेकणारा पंखा) पूर्ण वेगावर असूनही झोत क्षीण असेल, तर केबिन फिल्टर काढून पाहावा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि कोणत्याही हत्याराशिवाय निघतो. धूळ, पाने आणि केस यांनी तो गच्च भरलेला असेल, तर गॅसचे यंत्रणेतील प्रमाण अगदी अचूक असूनही केबिन गार होणार नाही. प्रवासाच्या सुरुवातीला हवा चांगली गार येते, अर्ध्या-पाऊण तासाने झोत मंदावतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा सुरळीत होतो, असे घडत असेल तर डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असण्याची शक्यता मोठी असते. तुंबलेला फिल्टर, कॉइलचे तापमान मोजणारा सेन्सर बिघडणे किंवा कमी गॅस, यांपैकी कशामुळेही असे होऊ शकते.

गाडी वेगात असताना हवा गार आणि सिग्नलला उभी राहिली की कोमट, हे लक्षण तर फार बोलके आहे. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो आणि दाबलेल्या गॅसमधली उष्णता तो बाहेरच्या हवेत सोडतो. गाडी धावत असताना ही हवा आपोआप मिळते. गाडी उभी असताना ती कंडेन्सरजवळच्या पंख्यालाच ओढावी लागते. एसी सुरू करून बॉनेट उघडावे आणि पंखा फिरतो का, हे हात लांब ठेवून पाहावे. पंखा लगेच सुरू न होता थोड्या वेळाने होऊ शकतो, त्यामुळे काही मिनिटे थांबावे. तो फिरतच नसेल तर फ्यूज, रिले आणि पंख्याची मोटर तपासावी. पंखा ठीक असेल तर कंडेन्सरच्या जाळीत साचलेली माती पाहावी. ती धुताना मात्र जोरदार दाबाच्या पाण्याचा फवारा जवळून मारू नये, कारण जाळीच्या पातळ पात्या दुमडतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. साध्या नळीचे पाणी पुरेसे असते.

डॅशबोर्डच्या एका बाजूच्या जाळीतून गार आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा येत असेल, तर गरम व गार हवा मिसळणाऱ्या झडपेची किंवा तिच्या मोटरची तपासणी करावी. काही गाड्यांत कमी गॅसमुळेही असा फरक पडतो.

आता गॅसकडे वळू, कारण सर्वांत महागड्या चुका इथे होतात. एसीची यंत्रणा बंदिस्त असते. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, कंडेन्सरमध्ये त्याचा द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून पुढे जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि कूलिंग कॉइलमध्ये तो उकळून केबिनच्या हवेतली उष्णता शोषून घेतो. आर-१३४ए हा गाड्यांच्या एसीत वापरला जाणारा गॅस नेहमीच्या वातावरणीय दाबाला सुमारे उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो, यावरून त्याची उष्णता ओढण्याची क्षमता लक्षात येईल. तोच गॅस या चक्रात पुन्हापुन्हा फिरतो. इंधनासारखा तो जळून संपत नाही. रबरी नळ्या आणि सीलमधून अनेक वर्षांत अगदी थोडा झिरपतो, तेवढेच. तेव्हा दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर गळती आहे आणि ती कुणी शोधलेली नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

गळतीच्या जागी बहुधा तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो, कारण कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरत असते. नळ्यांचे सांधे, कंडेन्सरचा खालचा भाग आणि कॉम्प्रेसरचे सील आधी पाहावेत. डोळ्यांना काही दिसले नाही तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने, अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या रंगाने किंवा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरने शोध घेता येतो. गाडीखाली पडणारे स्वच्छ पाणी मात्र गळती नव्हे. ते कॉइलवर जमलेले हवेतले बाष्प असते. उलट ते पाणी बाहेर न पडता पायाखालच्या मॅटवर येत असेल, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे असे समजावे.

गॅस किती आहे हे केवळ दाबावरून ठरवणे ही पुढची चूक. यंत्रणा बंद असताना आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी ३० अंश तापमानाला आर-१३४एचा दाब सुमारे ९७ पीएसआय (दाबाचे एकक) इतकाच दिसतो, मग गॅस पुरेसा असो वा निम्मा. म्हणून गॅस वजनाने भरायचा असतो आणि त्याचे ग्रॅममधले प्रमाण बहुधा बॉनेटखालच्या लेबलवर छापलेले असते. आधी असलेला गॅस यंत्राने काढून घ्यावा आणि तो किती ग्रॅम निघाला हे मेकॅनिकला आवर्जून विचारावे. हा आकडा लेबलवरील प्रमाणाच्या जवळपास असेल, तर दोष गॅसमध्ये नव्हताच. ‘थोडा जास्त भरला तर जास्त गार होईल’ ही समजूतही चुकीची आहे. जादा गॅसमुळे दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि गारवा उलट कमी होतो.

गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम न करणे हा मला अत्यंत गंभीर निष्काळजीपणा वाटतो. व्हॅक्यूम पंप साधारण अर्धा तास किंवा अधिक चालवल्यावर आतली हवा आणि ओलावा निघून जातो. हवा राहिली तर दाब वाढतो. ओलावा राहिला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ होऊन वाट अडते आणि तेलाशी संयोग होऊन धातू कुरतडणारे आम्ल तयार होते. पंप बंद केल्यावर दाबमापकाच्या काट्यावर काही काळ लक्ष ठेवावे. व्हॅक्यूम टिकला नाही, तर गॅस भरण्यात अर्थ नाही.

गॅसचा प्रकारही लेबलवरूनच ठरवावा. नव्या अनेक गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो आणि त्याचे जोड मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. अडॅप्टर लावून दुसरा गॅस घुसवू नये. गळती बुजवणारी रसायने तर टाळलेलीच बरी, कारण ती व्हॉल्व्ह तुंबवू शकतात आणि गॅस काढणारे यंत्रही निकामी करू शकतात. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतला विजेवर चालणारा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या (हाय व्होल्टेज) विजेवर चालतो, त्याला विशिष्ट विद्युतरोधक तेल लागते आणि साधे तेल मिसळले गेल्यास धोका उद्भवतो. अशा गाडीच्या नारिंगी केबलना स्वतः हात लावू नये.

गॅस फारच कमी झाला की यंत्रणेतल्या दाबावर लक्ष ठेवणारा प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला सुरूच होऊ देत नाही. तो वायरने जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवून पाहणारे लोक आहेत, आणि त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते की हा स्विच कॉम्प्रेसर वाचवण्यासाठीच बसवलेला असतो. गॅस कमी असला की त्याच्याबरोबर फिरणारे तेलही परत पोहोचत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा घासत राहतो. त्याच कारणाने, हवा गरम येऊ लागल्यावरही आठवडेच्या आठवडे एसीचे बटण चालू ठेवू नये.

असा कॉम्प्रेसर आतून झिजला की धातूचा चुरा संपूर्ण यंत्रणेत पसरतो. मग फक्त कॉम्प्रेसर बदलून भागत नाही : नळ्या आणि कॉइल धुऊन काढाव्या लागतात, ओलावा शोषणारा रिसीव्हर ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवे घालावे लागतात, आणि कंडेन्सरच्या नळ्या अतिशय बारीक असतील तर त्या धुऊनही साफ होत नसल्याने कंडेन्सरही बदलावा लागतो. यातले काही टाळले तर उरलेला चुरा नव्या कॉम्प्रेसरचाही बळी घेतो. दुरुस्ती झाल्यावर हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण लावून, डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर ठेवून दहा मिनिटे तापमान पाहावे. माफक उष्ण हवेत ते साधारण ५ ते १० अंशांपर्यंत उतरायला हवे; बाहेर कडक ऊन किंवा दमटपणा असेल तर काही अंश अधिक चालतील. हे मोजमाप गाडी उभी असताना आणि चालवतानाही घ्यावे.