जुनी डिंगी रंगवताना आणि बांधताना या चुका टाळा

दसऱ्याच्या सुमारास डिंगीची, म्हणजे मोठ्या बोटीवरून धक्क्यावर ये-जा करायच्या फुगवण्याच्या छोट्या होडीची, घडी उलगडली, तर रंगाचे पापुद्रे निघून मांडीवर पडले. पावसाळ्याआधी मी तिला घरात उरलेला ऑइलपेंट दिला होता. तो लोखंडाला धरतो, लाकडाला धरतो. पण ही होडी फुगते, दबते, तिची घडी होते. तिला सोबत ताणला जाणारा, फुगवायच्या होड्यांसाठीच बनवलेला रंग हवा.

रंग आणण्याआधी कापड ओळखा. पीव्हीसी (प्लास्टिक) की हायपालॉन (कृत्रिम रबर)? सावलीत, मोकळ्या हवेत, तळाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात ॲसिटोनचा बोळा हलकेच घासा. चिकट लागलं तर पीव्हीसी. (हायपालॉन या नावाने माल बनवणं ड्युपाँटने २०१० मध्येच थांबवलं, पण तोंडी तेच नाव राहिलंय.) दोन्हींचा गोंद वेगळा. एकाचा दुसऱ्याला लावला तर ठिगळ सुटणारच.

उन्हाने पीव्हीसी आपसूक चिकट झालं असेल, बोट टेकवलं की कातडी ओढली जात असेल, तर रंगावर पैसे घालू नका. त्यातला मऊपणा देणारा घटक बाहेर येत असतो, त्यावर रंग टिकत नाही. गळतीही रंगाने बुजत नाही. आधी फेसाचं पाणी फिरवा, बुडबुडे दिसतील तिथे ठिगळ लावा, मगच रंग. ठिगळ नंतर लावायचं झालं तर तेवढा रंग खरवडावा लागतो. चमकीसाठी सिलिकॉनचं पॉलिश मारलेलं असेल तर ते पूर्ण उतरवा. रंगवताना होडी कडक फुगवलेली असू द्या, व्हॉल्व्हवर टेप लावा, आणि दमट दिवशी हे काम काढूच नका. गडद रंगही नको: उन्हात आतली हवा तापून दाब वाढतो.

आता चोरी. चोराचा डोळा बहुतेकदा मोटरवर असतो. म्हणून मोटरवरचं कंपनीचं नाव रंगाने झाका आणि डिंगीवर लांबून ओळखू येईल असा बेढब पट्टा ओढा. अशी होडी विकणं अवघड जातं. मोठ्या बोटीचं नाव मात्र डिंगीवर लिहू नका. धक्क्याला डिंगी दिसली की ती बोट रिकामी आहे हे चोराला आयतं कळतं. फोन नंबर आतल्या बाजूला लिहा, मोटरच्या नंबराचा फोटो काढून ठेवा.

कुलूप पुढच्या कडीला लावणं ही सगळ्यात मोठी चूक. ती कडी नुसती चिकटवलेली असते, सुरीने निघते. तारदोर मोटर आणि मागच्या फळीच्या भोकातून ओवा, इंधनाची टाकीही त्यातच घ्या. रात्री डिंगी पाण्यात ठेवू नका. कॅरिबियनमधले शिडाच्या बोटीवाले म्हणतातच, उचला नाहीतर गमवा. शिडाच्या दोरानेच ती बोटीच्या कुशीला उचलून टांगतात.

मुंबईत तारदोर आखूडही नको. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. भरतीला ताणून बांधलेली डिंगी ओहोटीला धक्क्यावर लोंबकळते आणि कालवांच्या धारेवर घासून फाटते.