एडिटिंग अडखळतंय? मोबाईलची क्लिप आधी तपासा

टाइमलाइन अडखळली की ‘रॅम वाढव’ म्हणणारे सीनियर नाशिकमध्ये गल्लोगल्ली भेटतील. पैसे लगेच घालू नका. एच.२६४ आणि एच.२६५ या मोबाईल-कॅमेऱ्याच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या फाइलमध्ये पूर्ण चित्र अधूनमधूनच असतं, बाकी फ्रेममध्ये फक्त बदल साठवलेला असतो. त्यामुळे एक फ्रेम दाखवायला कॉम्प्युटरला मागच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, म्हणून साधा लॅपटॉपही पळतो. किंमत मोजावी लागते ती जागेची. एचडी, सेकंदाला २५ फ्रेम असताना प्रोरेस ४२२ तासाला साधारण ५५ जीबी खातं, प्रोरेस प्रॉक्सी १७ जीबी. प्रॉक्सी, म्हणजे फक्त एडिटिंगपुरती हलकी कॉपी करा, पुरते.

आता खरा घात कुठे होतो ते. लग्नाच्या कामात कॅमेऱ्याच्या जोडीला पाहुण्यांच्या मोबाईलच्या क्लिप येतातच. मोबाईल बहुतेक वेळा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) स्थिर ठेवत नाही. रामकुंडावरच्या संध्याकाळच्या आरतीसारखा कमी उजेड असला की तो एक्सपोजर वाढवायला फ्रेम कमी करतो. ३० फ्रेमने अर्ध्या तासात ५४,००० फ्रेम हव्यात. त्यात ६० कमी पडल्या आणि सॉफ्टवेअरने सरसकट ३० धरलं, की शेवटी आवाज आणि ओठ यांत दोन सेकंदांचा फरक. सुरुवातीला सगळं जुळलेलं दिसतं, म्हणूनच हे उशिरा कळतं. आवाजाचा ट्रॅक मागेपुढे सरकवून हे कधीही सुटत नाही, कारण फरक क्लिपभर वाढत जातो. नुसत्या प्रॉक्सीनेही सुटत नाही.

क्लिप मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ‘फ्रेमरेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ दिसलं तर एडिटिंगला हात लावण्याआधी हँडब्रेक या कन्व्हर्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढा. व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट ३० (मूळ जो असेल तो) निवडा आणि ‘कॉन्स्टंट’वर टिचकी मारा. ‘पीक’ तसंच राहिलं तर फाइल पुन्हा व्हेरिएबलच निघते, आणि इथेच बहुतेक जण फसतात. क्वालिटीचा ‘आरएफ’ हा आकडा १६ ते १८, आवाज ४८ किलोहर्ट्झ. झाल्यावर क्लिपचा शेवटचा मिनिट बघा, पहिला नव्हे.

घाबरू नका, कॅमेऱ्याच्या फाइलला सहसा हे लागत नाही. त्या दाविंची या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मीडिया पूलमध्ये निवडा, राइट क्लिक, ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’. हँडब्रेकमधून निघालेली फाइलही सहसा एच.२६४च असते, तिचीही प्रॉक्सी करा. फायनल रेंडरला प्रॉक्सी नव्हे, मूळ (मोबाईलची क्लिप असेल तर हँडब्रेकमधून काढलेली) फाइलच वापरली जातेय ना, हे तपासा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली क्लिप घेऊच नका. ती सहसा दाबलेली असते आणि गेलेला तपशील कन्व्हर्ट करून परत येत नाही. पाहुण्यांकडे केबल किंवा पेनड्राइव्ह घेऊन जा. आयफोनवाल्याला शूटआधीच ‘ऑटो एफपीएस’ बंद करायला सांगा. आणि मूळ कार्डाची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका, घरचे कितीही घाई करोत.