चहाच्या मगावरचे ग्लेझ : दोन वर्षांची नोंदवही

चाकावर सरळ भिंतीचा मग उभा करायला मला आठ महिने लागले आणि त्यावर मनाजोगते ग्लेझ चढवायला त्यापुढे दोन वर्षे गेली. पुण्यात नोकरी सांभाळून संध्याकाळी स्टुडिओत जाताना माझी समजूत अशी होती की ग्लेझ म्हणजे रंग. प्रत्यक्षात ती भट्टीत वितळून मातीला धरून राहणारी काच आहे, आणि बादलीतल्या रंगावरून तिचा काहीच अंदाज बांधता येत नाही. कोबाल्ट कार्बोनेटचे गर्द निळे ग्लेझ बादलीत फिकट जांभळट दिसते, तर लोखंडाच्या ऑक्साइडचे जवळजवळ काळे होणारे ग्लेझ विटेच्या भुकटीसारखे लाल दिसते.

या काचेचा मुख्य घटक सिलिका, म्हणजे क्वार्ट्झची पूड. ती एकटी वितळायला १७०० अंश सेल्सियसच्या वर तापमान लागते, जे आपल्या भट्टीच्या आवाक्यात नसते. म्हणून तिला लवकर वितळवणारे फेल्डस्पार (एक खनिज), व्हाइटिंग (चुनखडीची पूड) किंवा बोरॉनयुक्त फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) असे पदार्थ घालावे लागतात. वितळलेली काच उभ्या भिंतीवरून ओघळू नये यासाठी अ‍ॅल्युमिना हवा, तो चायना क्ले या पांढऱ्या मातीतून मिळतो. हे नीट समजून न घेता मी पहिली पाककृती निवडली ती ४० भाग फेल्डस्पार, ३० क्वार्ट्झ, २० व्हाइटिंग आणि १० चायना क्ले ही प्रसिद्ध आणि लक्षात ठेवायला सोपी कृती. ती १२८० ते १३०० अंशांसाठी, म्हणजे कोन १० साठी आहे (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका, त्याच्या क्रमांकाने भट्टीची पातळी सांगतात), आणि आमची विजेची भट्टी कोन ६ ची, सुमारे १२२० ते १२४० अंशांची. सहाही मग खडूसारखे पांढरे आणि बोटाला खरखरीत लागणारे निघाले. कृतीत दोष नव्हता. ती कोणत्या कोनसाठी आहे हे मी पाहिलेच नव्हते. नवशिक्याने आपली माती, भट्टी आणि ग्लेझ एकाच कोनची आहेत ना, हे सर्वांत आधी तपासावे. भट्टीवरचा आकडा फक्त तापमान सांगतो, आत ठेवलेला कोन मात्र तापमान आणि वेळ या दोहोंचा मिळून झालेला परिणाम वाकून दाखवतो, म्हणून मी आजही प्रत्येक भट्टीत कोन ठेवतो.

त्यानंतर मी मगांवर प्रयोग करणे थांबवले आणि चाचणीच्या टाइल केल्या. चाकावर बिनबुडाचे रुंद कडे ओढायचे, माती जरा आवळली की त्याचे उभे तुकडे कापायचे. तळाशी थोडी घडी ठेवली तर ते भट्टीत स्वतः उभे राहतात. टाइल उभीच हवी, कारण आडव्या टाइलवर शांत बसलेले ग्लेझ मगाच्या भिंतीवरून खाली धावू शकते. पहिल्या खेपेला मी मागच्या बाजूला पेन्सिलीने क्रमांक घातले. पेन्सिल भट्टीत जळून जाते, त्यामुळे चोवीस सुंदर टाइल हाती आल्या आणि त्यांपैकी एकीचेही नाव सांगता येईना. आता लोखंडाचा ऑक्साइड पाण्यात कालवून बारीक ब्रशने आकडे घालतो. टाइलच्या एका मालिकेत एकच गोष्ट बदलायची हा नियमही तेव्हापासूनचा : मूळ पांढऱ्या ग्लेझमध्ये रुटाइल (टायटॅनियमचे खनिज) २, ४, ६ आणि ८ टक्के, बाकी सर्व तसेच. रुटाइल आणि जाडी दोन्ही एकदम बदलली तर फरक कशाने पडला हे कळायला मार्ग उरत नाही.

जाडीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते निम्मे अपयश तिथेच असते. ग्लेझ ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) चाळणीतून गाळून घ्यावे आणि १०० मिलिलिटरचे वजन करावे. माझ्या ग्लेझसाठी ते १४५ ग्रॅमच्या आसपास बसते. सुमारे १००० अंशांवर एकदा भाजलेला मग पाणी झपाट्याने शोषतो, म्हणून तो चिमट्यात धरून मनात तीन आकडे मोजेपर्यंतच बुडवायचा. बाहेर काढल्यावर ओली चकाकी काही सेकंदांत विरते आणि पृष्ठभाग खडूसारखा मंद होतो. त्या वेळी सुईच्या टोकाने ओरखडा काढून थर पाहावा. पोस्टकार्डाइतका जाड असला की पुरे. कान जिथे भिंतीला चिकटतो त्या बेचक्यात ग्लेझ साचते, तर काठावर ते पातळ होते. लोखंडाच्या ग्लेझमध्ये काठाची तपकिरी रेघ येते ती यामुळेच. मगाच्या बुडाला मेण लावूनही मी पायाच्या वर अर्धा सेंटिमीटर कोरा ठेवतो. एकावर एक दोन ग्लेझ चढवली तर हे अंतर दुप्पट करावे, नाहीतर तो मग भट्टीच्या फळीला चिकटतो आणि छिन्नीनेच सोडवावा लागतो.

भट्टी शंभर अंशांच्या खाली येईपर्यंत उघडू नये. एकदा घाईने उघडली आणि आतले मग टेबलावर ठेवले, तर अर्धा तास बारीक ‘टिंग टिंग’ ऐकू येत राहिले. ऐकायला गोड, पण ती काच तडकत होती. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसले की असे होते, आणि हळू थंड केल्याने ते फक्त लांबते. उपाय कृतीतच करावा लागतो, बहुधा सिलिका वाढवून. शोभेच्या भांड्यावर ती जाळी खुलून दिसते. चहाच्या मगात मात्र आठवडाभरात तिच्यात तपकिरी रेषा भरतात.

कोरडी पूड हाताळताना एन-९५ मास्क लावावा आणि टेबल झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, कारण सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची राहते.

मगाच्या आत मी आता एकच साधे, चमकदार पांढरे ग्लेझ लावतो. शिसे किंवा बेरियम असलेले काहीही तिथे येऊ देत नाही, आणि सगळी हौस बाहेरून, काठाच्या दोन बोटे खाली. हे शहाणपण एका मंद हिरव्या मगाने शिकवले. त्यात ५ टक्के कॉपर कार्बोनेट होते आणि रंग पावसाळ्यातल्या शेवाळासारखा आला होता. पहिला चहा ओतण्यापूर्वी सहज म्हणून लिंबाची एक चकती आत टाकून रात्रभर ठेवली. सकाळी चकती उचलली, तर तिच्याखाली फिकट गोल उमटला होता : आम्लाने ग्लेझमधले तांबे ओढून घेतले होते. डाग पडला नाही म्हणजे तो मग सुरक्षित, असे ही घरगुती चाचणी सांगत नाही. पण डाग पडला, तर त्यात काही प्यायचे नाही एवढे नक्की. तो मग अजून माझ्या टेबलावर आहे, त्यात ब्रश ठेवलेले असतात.