बालसंगोपनचा कॅम्प लावताय? आधी मृत्यूचा दाखला बघा

गेल्या मे महिन्यात बीड जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही बालसंगोपन योजनेचे (पालक गेलेल्या मुलांना सरकारकडून महिन्याला मिळणारी मदत) फॉर्म भरायचा कॅम्प लावला. मांडव, दोन लॅपटॉप, प्रिंटर, सगळं झकास, आणि 14 पैकी 9 बायकांना उन्हातान्हात तसंच परत पाठवलं. का, तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला नव्हता. आणि तो कागदपत्रांच्या यादीत लिहायला मीच विसरले होते. म्हणून हे लिहितेय.

आधी तारीख. ऊसतोडीचं गाव असेल तर दिवाळीनंतर जाऊ नका, आई फडात असते, घरी म्हातारी माणसं नि पोरं. टोळ्या परत आल्या की एप्रिल-मे मध्ये घ्या.

दवंडी देताना 'अनाथ मुलांसाठी' एवढंच म्हणू नका. आई-बाप दोन्ही गेलेत त्यांचंच असं लोक समजतात आणि येतच नाहीत. एकच पालक गेला असला तरी मूल यात बसतं, महिना 2250 रुपये आहेत, हे स्पष्ट सांगा.

आधार, रेशनकार्ड, बोनाफाईड, फोटो हे सगळे आणतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, सेतूत वेळ जातो, आधीच काढायला लावा.

आता मृत्यूचा दाखला. "आहे की ताई घरात" असं सगळ्याच म्हणतात, आणि कॅरीबॅगमधून निघतं काय, तर पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, दवाखान्याचं कार्ड, नाहीतर सरपंचाच्या लेटरहेडवर 'मयत झालेले आहेत'. हा दाखला नव्हे!! फोनवर विचारून खूण करू नका, व्हॉट्सॲपवर फोटो मागवा, नाहीतर घरी जाऊन डोळ्यांनी बघा.

आणि खरी गोची पुढेच आहे. मृत्यू जिथे झाला तिथे नोंद होते, राहत्या गावात नाही. एकीचा नवरा कारखान्याच्या तळावर वारला, सांगलीकडे, म्हणजे दाखला तिकडच्या ग्रामपंचायतीत, आणि ही दोन वर्षं आपल्याच गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालत होती, कुणी धड सांगितलंच नाही. शहरातल्या दवाखान्यात गेला असेल तर महापालिकेत. म्हणून 'कधी वारले' याच्याआधी 'कुठे वारले' विचारा. नोंदच केलेली नसेल तर अजून अवघड, 21 दिवसांच्या आत फुकट होते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तो काय कॅम्पच्या आदल्या रात्री मिळतो होय? दोन महिने आधी कामाला लागा. मृत्यूचा दाखला हातात नाही त्या बाईला कॅम्पला बोलवूच नका, तिची 300-400 ची मजुरी बुडते. आधी दाखला काढून द्या. दाखल्यावर बापाचं नाव 'बाळू' आणि पोराच्या आधारवर 'बाळासाहेब' असलं पण बघून घ्या, आमच्याकडे दोन फॉर्म त्यावर अडकले.

बँक खातं आधारला लिंक हवं, बंद पडलेलं नको.

फोटो. दप्तर देताना पोरांना ओळीत उभं करून फेसबुकवर टाकायची हौस असते देणगीदारांना. नाही म्हणून सांगा. बाल न्याय कायदा 2015, कलम 74, अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. आणि कायदा नसता तरी, शाळेत चिडवतात हो पोरांना.

पुढचं थोडक्यात. फाईल जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्या, पोच घ्या. गृहचौकशी होते, मग बालकल्याण समितीपुढे मुलाला घेऊन जावं लागतं, एसटीचं भाडं तुम्ही द्या. पैसे लगेच येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवा नाहीतर शिव्या तुम्हालाच. 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाईनचा नंबर वहीत लिहून द्या. त्याच दिवशी आईचा संजय गांधी निराधारचा अर्जही भरून घ्या, तिथेही तोच मृत्यूचा दाखला लागतो, चार झेरॉक्स काढूनच ठेवा.